डाग आणि ओल

पडद्यावरची बुरशी हा काही दिवाळी अंकात चिंतन करण्याचा विषय नव्हे, असे कोणी म्हटले तर त्याच्याशी वाद घालण्याची माझी तयारी नाही. विचारवंतांनी मोठ्या प्रश्नांकडे पाहावे आणि बुरशीकडे घरातल्या बायकांनी पाहावे, ही वाटणी आपल्याकडे फार जुनी आहे. पण गोव्यात चार पावसाळे काढलेल्या माणसाला एवढे कळून चुकलेले असते की बुरशी हे नुसते धुण्याचे प्रकरण नाही. तिच्याशी आपण कसे वागतो, ती दिसल्यावर पहिल्यांदा कोणाकडे बोट दाखवतो, काय पुसतो आणि काय तसेच ठेवतो, यात आपल्या नीतिविचाराचा एक नमुना सापडतो. तो फारसा अभिमान वाटावा असा नाही. म्हणूनच तो जरा उजेडात धरून पाहण्याचा हा प्रयत्न.

आमच्या सीमाभागाला पावसाचे अप्रूप नाही. बेळगावहून निघून जांबोटी-कणकुंबी मागे टाकली आणि चोर्ला घाट उतरू लागले, की हवा अंगाला चिकटू लागते. खाली गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जुलैतल्या झडीत सकाळच्या हवेतली आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास असते. मिठाला पाणी सुटते, पापड मऊ पडतात, आगपेटीची काडी घासली तर गूल नुसते सोलून निघते. कपाटातल्या चामडी चपलांवर हिरवट साय धरते, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर पांढरी लव येते. आणि एक दिवस पडदा बाजूला सारताना खालच्या दुमडीजवळ काळे ठिपके दिसतात. बोटाने पुसावे तर पसरतात, झटकावे तर कुबट वास सुटतो.

हे ठिपके कुठून आले, असा प्रश्न घरात विचारला जातो तो बहुधा तक्रारीच्या सुरात. खरे उत्तर असे आहे की ते कुठूनच आलेले नसतात. ते इथेच होते. बुरशीचे बीजाणू हवेत सदासर्वदा असतात, आपल्या श्वासाबरोबर आत-बाहेर करतात. त्यांना घराबाहेर ठेवणारे दार अजून निघालेले नाही. त्यांना उगवायला थोड्याच गोष्टी लागतात. एक ओल, दुसरे अन्न आणि तिसरी न हलणारी हवा. पृष्ठभागाजवळची आर्द्रता ७०-८० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बीजाणूला मोड फुटतो. ओले झालेले कापड २४ ते ४८ तासांत खडखडीत वाळले नाही, तर पुढचे काम बुरशी आपण होऊन करते.

अन्नाचा प्रश्न पडद्याने सोडवलेलाच असतो. सुती कापड म्हणजे सेल्युलोज, आणि सेल्युलोज पचवण्यात बुरशीचा हातखंडा आहे. पडदा पॉलिस्टरचा असला तर धागा तिला पचत नाही, पण त्यावर बसलेली धूळ, स्वयंपाकघरातून आलेला तेलकट धूर, हातांचा मळ, एवढे तिला पुरते. त्यातून पडदा ताठ दिसावा म्हणून कोणी कांजीची खळ घातली असेल तर विचारायलाच नको. खळ म्हणजे पिष्ट. ती घालणे म्हणजे बुरशीला पान वाढून ठेवणे. चारचौघांत कडक दिसण्यासाठी आपण अंगाला जे लावतो तेच आत किडीला पोसते, हा अनुभव कापडापुरताच नाही. पण तो मुद्दा पुढे येईल.

राहिली न हलणारी हवा. ती पुरवणे हाच तर पडद्याचा धर्म. पडदा आपण आडोशासाठी लावतो. समोरच्या इमारतीतल्या डोळ्यांपासून, उन्हापासून, रस्त्यावरच्या धुळीपासून. आडोसा झाला की खिडकी आणि कापड यांच्यामध्ये वीतभर जागेत हवा कोंडते. तिथे ऊन नाही, वारा नाही आणि आपली नजरही नाही. म्हणून बुरशी बहुधा खोलीकडच्या बाजूला दिसू लागण्याच्या कितीतरी आधी खिडकीकडच्या बाजूला, अस्तरात, खालच्या जाड दुमडीत आणि वरच्या चुणीदार पट्टीत धरलेली असते. ज्या बाजूने पाहुणे पाहतात ती बाजू सगळ्यांत शेवटी खराब होते.

जुन्या घरांत बुरशी नव्हती असे मी म्हणणार नाही. स्मरणरंजनाने भिंती कोरड्या होत नाहीत. जांभ्या दगडाच्या भिंती सच्छिद्र, त्या जमिनीतले पाणी वर ओढत. पण त्यांवरचा चुन्याचा गिलावा ते पाणी पुन्हा हवेत सोडून देई. मंगळुरी कौलांच्या फटींतून घर श्वास घेत असे. खिडक्यांना शिंपल्यांची तावदाने असत. त्यांतून दुधासारखा उजेड आत येई आणि बाहेरच्याला आतले काही दिसत नसे. त्यामुळे त्या खिडकीला पडद्याची गरजच थोडी होती. आता वर काँक्रीटचा स्लॅब आहे, भिंतीला सिमेंटचा गिलावा आणि त्यावर चकचकीत रंगाचे पातळ आवरण आहे. पाणी आत शिरले की त्याला बाहेर पडायला वाट नाही. खिडक्या सरकत्या काचेच्या, त्याही निम्म्याच उघडणाऱ्या. गॅलरी बंद करून तिची खोली केलेली, म्हणून धुणे घरातच दोरीवर. एका वेळच्या धुण्यातून एखाद-दोन लिटर पाणी घराच्या हवेत मिसळते. आणि एवढे सगळे झाल्यावर आपण पडद्याला विचारतो, तू का बिघडलास?

आता उपायांकडे वळू. चतुर्थी जवळ आली की गोव्यातल्या घरांत साफसफाईची एकच धांदल उडते. माटोळीचे सामान जमवायचे असते, मुंबई-पुण्याची मंडळी यायची असतात, भिंतींवर हात फिरवून घ्यायचा असतो आणि पडदे उतरवायचे असतात. ऋतू मात्र असा, की धुतलेले वाळत नाही. अशा वेळी हाताशी असते ते ब्लीच. पाण्यात थोडे टाकले, पडदा बुडवला, अर्ध्या तासात काळे ठिपके नाहीसे. पडदा पांढरा होतो, मनही हलके होते.

इथे क्षणभर थांबायला हवे, कारण नेमके काय घडले हे पाहणे महत्त्वाचे आहे. बुरशीच्या ठिपक्याचा काळा रंग हे तिच्या पेशींतले रंगद्रव्य. ब्लीच त्या रंगद्रव्याचा रंग घालवते, वरवरची बुरशी मारतेही. पण कापडाच्या जाड दुमडीत ती सगळीकडे पोहोचतेच असे नाही. आणि पडदा अर्धवट ओला असताना पुन्हा त्याच खिडकीवर, त्याच ओल्या भिंतीशी टेकवून लावला, तर पंधरा दिवसांत ठिपके परत. रेशमाचा किंवा लोकरीचा पडदा असेल तर ब्लीचने कापडच जाते. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा संडास धुण्याचे आम्ल मिसळले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. दोन औषधे एकत्र केली की गुण दुप्पट, असे समजणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

जाणती माणसे वेगळे करतात. पडदा उतरवण्यापूर्वी जोराने झटकत नाहीत, कारण त्याने बीजाणू घरभर होतात. तो हलकेच गुंडाळून बाहेर नेतात, तिथे ब्रशने सुकी बुरशी काढतात, मग कापडाला सोसेल तितक्या गरम पाण्यात साबणाने धुतात. माडाच्या व्हिनेगरमध्ये किंवा टाकणखाराच्या पाण्यात भिजवणारे काहीजण आहेत. ऊन निघाले की लिंबू-मीठ चोळून उन्हात घालण्याचा उपाय आजीच्या काळापासून चालत आलेला. पण या सगळ्यांत मुख्य गोष्ट एकच : पडदा पुरता वाळेपर्यंत परत लावायचा नाही, आणि तोवर खोलीतली ओल कुठून येते ते शोधायचे. खिडकीच्या वरची सज्जाची फट, भिंतीतला गळका नळ, वरच्या मजल्यावरच्या न्हाणीचे पाणी. यांतले काही सापडतेच.

एवढे करूनही एक फिकट, पिवळट-राखाडी डाग पुष्कळदा उरतो. बुरशी गेली, बीजाणू धुऊन निघाले, वासही गेला. रंग तेवढा धाग्यात मुरून राहिला. तो निरुपद्रवी असतो. पण असा पडदा बैठकीच्या खोलीत लावायला घरातले कोणी तयार होत नाही.

म्हणजे आपल्यापुढे दोन पडदे आहेत. एक ब्लीचने पांढराशुभ्र झालेला, ज्याच्या दुमडीत ओल आहे आणि त्या ओलीत बुरशी पुन्हा डोळे उघडते आहे. दुसरा नीट धुऊन वाळवलेला, निरोगी, पण डाग उरलेला. यांपैकी स्वच्छ कोणता? प्रश्न विचारताच उत्तर सोपे वाटते. पण प्रत्यक्षात आपण दर वेळी पहिला लावतो आणि दुसरा फेकतो. माझा नैतिक प्रश्न हा आहे आणि तो पडद्यांपुरता राहत नाही. आपण डागाला दोष समजतो. दोष ओलीचा असतो. डाग ही फक्त तिने पाठवलेली वर्दी.

आपल्या भाषेने ही गोष्ट फार पूर्वी ओळखलेली दिसते. एखादे लाजिरवाणे प्रकरण मिटवायचे झाले की आपण म्हणतो, ‘त्यावर पडदा टाका.’ घरातल्या थोरल्याचे व्यसन, धाकटीच्या सासरचा छळ, दोघा भावांतला जमिनीचा व्यवहार, संस्थेच्या हिशेबातली तफावत. या सगळ्यांवर पडदा टाकला जातो आणि टाकणारी माणसे वाईट नसतात. घराण्याचे नाव जाऊ नये, मुलींची लग्ने अडू नयेत, लोकांत शोभा होऊ नये, एवढीच त्यांची इच्छा. पण बंद जागेत हवा खेळत नाही. जे प्रकरण चार माणसांत बोलले गेले असते तर दोन महिन्यांत सुकले असते, ते पडद्याआड वर्षानुवर्षे ओले राहते आणि एक दिवस पुढल्या पिढीच्या अंगावर ठिपक्यांनी उमटते. तेव्हाही आपली पहिली हालचाल ब्लीचकडेच असते. अब्रूची खळ आणखी दाट करायची, म्हणजे पडदा ताठ दिसेल.

यावर कोणी म्हणेल, मग काय घरातले सगळे चव्हाट्यावर मांडायचे? आडोसा ही माणसाची गरज आहे. हे मला मान्य आहे. पडदाच नको असे म्हणणारा मी नाही. दारे-खिडक्या सताड उघडी टाकून कोणी राहत नाही आणि राहूही नये. पण आडोसा आणि कोंडमारा यांत फरक आहे, आणि तो फरक पडदा ठेवायचा की काढायचा याने ठरत नसून तो अधूनमधून सरकवला जातो की नाही याने ठरतो. घरातल्या निदान एका माणसाला निदान दुसऱ्या एका माणसाजवळ खरे बोलता आले, तरी पुष्कळ हवा खेळते.

आता या प्रकरणाची दुसरी बाजू पाहू. हे धुणे करते कोण?

सिमोन द बोव्हार या फ्रेंच लेखिकेने १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द सेकंड सेक्स’ या ग्रंथात घरकामाची तुलना सिसिफसच्या शिक्षेशी केली. ग्रीक पुराणातला हा राजा प्रचंड शिळा डोंगरावर ढकलत नेतो आणि ती पुन्हा खाली गडगडते. काल पुसलेले आज पुन्हा मळते. बाईच्या हातून काही नवे उभे राहत नाही, असलेलेच पुन्हा पुन्हा सावरले जाते, असा तिचा मुद्दा. कोकणपट्टीतल्या पावसाळ्यात तो पटायला वेळ लागत नाही. पण मला त्यात एक गोष्ट जोडावीशी वाटते. शिळा जड होती हा सिसिफसचा दोष नव्हता, आणि शिळा खाली आली म्हणून त्याला कोणी ‘तू आळशी आहेस’ असे म्हटल्याचे ऐकिवात नाही. आपल्या घरातल्या बाईला मात्र पडद्यावर डाग दिसला की तेच ऐकावे लागते. गळका सज्जा पुरुषांच्या बैठकीत ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणून ठरतो, आणि त्याचा डाग मात्र तिच्या टापटिपीच्या खात्यावर पडतो. ओलीचा निर्णय एकाचा, डागाची लाज दुसऱ्याची. अन्याय म्हणतात तो पुष्कळदा इतक्या साध्या वेषात घरात वावरतो.

घराबाहेर हीच वाटणी आपण जातीच्या रूपाने केली. गोव्यातला मडवळ, घाटावरचा परीट, कर्नाटकातला मडिवाळ. ज्यांनी गावाचे डाग धुतले त्यांना खालची पायरी आणि ज्यांनी डाग पाडले त्यांना वरची, हा हिशेब कोणत्या नीतिशास्त्रात बसतो? आमच्या या भागाला बाराव्या शतकातल्या शरणांचा वारसा आहे. बसवेश्वरांच्या त्या मेळ्यात मडिवाळ माचिदेव होते. शरणांचे कपडे धुणे हे त्यांचे कायक. अंगमेहनतीचे काम हीच उपासना असे म्हणणाऱ्या त्या लोकांनी धुण्याला देवपूजेच्या ओळीत बसवले. आठशे वर्षांनंतरही ती गोष्ट आपल्या अंगवळणी पडलेली नाही.

आणि आपली शुद्धतेची कल्पना तरी कशी? सोवळ्याच्या दिवसांत उंच काठीवर वाळत घातलेले धोतर कोणाचा हात लागला तर विटाळत असे. पावसाळ्यात ते वाळत नसे, म्हणून मुकटा किंवा धाबळी नेसायची. नाहीतर ओलेत्यानेच पूजा उरकायची. कापडाला कुबट वास आला तरी ते शुद्ध, आणि उन्हात वाळलेल्या कापडाला माणसाचा स्पर्श झाला तर अशुद्ध. घाण कुठे आहे हे न पाहता कोण शिवले हे पाहायचे, या सवयीने आपल्या समाजाचे केवढे नुकसान केले ते सांगायला नको. सोवळे बहुतेक घरांतून गेले, सवय गेली असे म्हणवत नाही. अजूनही डाग दिसला की पहिला प्रश्न ‘का पडला’ असा नसतो, ‘कोणामुळे पडला’ असा असतो.

या सवयीची किंमत किती जबर असू शकते याचे एक उदाहरण आपल्या हवामानाच्या फार बाहेरचे आहे. पण ते टाळून पुढे जाता येत नाही. इंग्लंडमधील रॉचडेल येथे डिसेंबर २०२० मध्ये अवाब इशाक नावाचा दोन वर्षांचा मुलगा वारला. भाड्याच्या सदनिकेत भिंतींवर बुरशी होती. वडिलांनी २०१७ साली तक्रार केली तेव्हा त्यांना तिच्यावर रंग मारण्यास सांगण्यात आले होते. पुढे या कुटुंबाच्या राहण्याच्या, आंघोळीच्या पद्धतीमुळेच घर ओले होत असावे, असे गृहीत धरण्यात आले. नोव्हेंबर २०२२ मध्ये मृत्यूच्या चौकशीचा निष्कर्ष आला : बुरशीच्या दीर्घ संपर्कातून जडलेल्या श्वसनविकाराने मुलगा गेला. त्यानंतर २०२३ साली तिथे कायदा झाला आणि त्यातील या तरतुदीला त्या मुलाचेच नाव मिळाले. भाडेकरूने ओलीची तक्रार केली की घरमालक संस्थेने ठरलेल्या मुदतीत शोध घेऊन दुरुस्ती केली पाहिजे, असा तिचा आशय.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातील ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ओलसर घरात राहणाऱ्यांना श्वसनाचे विकार, दम्याचा जोर वाढणे यांचा धोका अधिक, हे त्यांत नोंदवलेले आहे. बुरशीची अमुक इतकी मात्रा सुरक्षित असा आकडा मात्र त्यांनी दिलेला नाही. सांगितले ते एवढेच की ओल होऊ देऊ नका, झाली तर मुळापासून घालवा. शास्त्राची भाषा इतकी साधी क्वचितच असते. आपल्याकडेही पावसाळ्यात रात्री खोकणारे मूल, धाप लागणारे म्हातारे माणूस अनेक घरांत असते. त्याचे अंथरूण बहुधा आतल्या खोलीत, बंद खिडकीखाली असते, कारण ‘त्याला वारा लागायला नको’. बैठकीच्या खोलीतले पडदे बदलले जातात आणि त्या खोलीतले तसेच राहतात, कारण तिथे पाहुणे जात नाहीत. ज्याच्या फुप्फुसाचा प्रश्न आहे त्याच्या पडद्याची पाळी सगळ्यांत शेवटी येते. दुसऱ्याच्या नजरेला आपण जितके जपतो तितके आपल्या माणसाच्या श्वासाला जपत नाही, हे यावरून दिसते.

एक शंका राहते. आमच्या हवामानात ओल कधी संपायचीच नाही, मग हा उपदेश कशासाठी? शंका बरोबर आहे. हवा कोरडी करणारी यंत्रे आहेत, ती परवडणाऱ्यांनी जरूर वापरावीत; पण चार महिने सबंध कोकणपट्टी सुकवून काढणे कोणाच्या हातचे नाही. आणि बुरशी ही काही राक्षसीण नव्हे. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन द्वीपसमूहातल्या बूगनव्हिल बेटावर अमेरिकी सैन्याचे सुती कॅनव्हासचे सामान दमट हवेत कुजू लागले. त्यावरून वेगळी केलेली एक बुरशी पुढे एल्विन रीझ या संशोधकाच्या नावाने ट्रायकोडर्मा रीसाय म्हणून ओळखली जाऊ लागली. कापड खाण्याचे तिचे सामर्थ्य ज्या विकरांत होते त्यांचा अभ्यास झाला आणि आज सेल्युलेज जातीची विकरे जीन्सच्या कापडाला मऊपणा आणण्यासाठी, धुण्याच्या पावडरीतसुद्धा वापरली जातात. तंबू खाणारीच्या घराण्यातून कपडे धुणारी निघाली. जंगलात पडलेले पान कुजवून मातीला परत देण्याचे काम बुरशीचेच. तिला जगातून घालवायची नाही. तिची जागा कोणती आणि आपली कोणती, एवढे पाहायचे आहे.

मराठीत ‘ओलावा’ हा शब्द तर आपण मायेसाठी राखून ठेवला आहे. मनात ओलावा असलेला माणूस चांगला आणि कोरडा माणूस नकोसा. मग ओलीविरुद्ध एवढे बोलणे हा त्या शब्दाशी द्रोह नाही का? मला तसे वाटत नाही. विहिरीला जिवंत झरा असतो तोवर पाणी चांगले राहते. झरा बुजला की त्याच पाण्याला शेवाळ धरते. दुःख, राग, लाज, अपराधाची बोच या साऱ्या ओल्या गोष्टी माणसाला असायच्याच. त्या नसलेला माणूस घडवण्याचा हट्ट म्हणजे जुलैत पापड कुरकुरीत राहावा असा हट्ट. त्यांना वाट मिळावी, एवढेच हवे. पाऊस थांबवणे आपल्या हाती नाही. दोन सरींच्या मधल्या तासाभराच्या उघडिपीत खिडकी उघडणे आपल्या हाती आहे. नीतीचे पुष्कळसे काम असल्याच तासाभराच्या उघडिपीत करावे लागते.

शेवटी त्या उरलेल्या फिकट डागाविषयी. तो पडदा फेकावा का? नवा आणला तरी त्या खोलीत ओल असेल तर पुढच्या पावसाळ्यात त्याचीही हीच गत. ओल गेलेली असेल तर जुना पडदा काय वाईट? डाग तेवढा एकच गोष्ट सांगतो : इथे एकदा बिघडले होते. बिघडते आहे, असे तो सांगत नाही. माणसांच्या बाबतीत हा काळाचा फरक आपण फार सहज विसरतो. एखाद्याने दारू सोडून दहा वर्षे झालेली असतात, गावात त्याची ओळख अजून तीच. एखादा शिक्षा भोगून येतो, कष्टाने पोट भरतो, आणि नोकरीवर घेताना पुन्हा त्याच डागाकडे बोट जाते. त्याच वेळी ज्याने काहीच धुतले नाही, फक्त वेळीच ब्लीच मारले, तो समारंभात पुढच्या रांगेत बसलेला असतो. डाग पाहून माणूस टाकणारा समाज लोकांना एकच गोष्ट शिकवतो : धुऊ नका, लपवा. कारण धुण्यात डाग उघडा पडण्याची भीती असते आणि लपवण्यात ती नसते.

दिवाळीपूर्वीचे हे ऊन चांगले कडक असते. पावसाळ्यात शक्य नव्हते ते आता शक्य आहे. पडदे उतरवलेच आहेत, तर ते लगेच लावण्याची घाई करू नये. खळ घालू नये. दोन दिवस खिडक्या तशाच उघड्या राहू द्याव्यात, आणि घरातल्या पुरुषांनी एकदा त्या मोकळ्या भिंतीवर, सज्जाच्या कोपऱ्यात, आतल्या खोलीतल्या खिडकीखाली हात फिरवून पाहावा. ओल हाताला लगेच कळते. ती कळल्यावर गवंडी बोलवायचा खर्च बैठकीच्या खोलीच्या नव्या पडद्यांआधी धरावा. आणि पडदे पुन्हा चढवताना सगळ्यांत चांगला वाळलेला पडदा, त्यावर डाग असो वा नसो, आतल्या खोलीत लावावा.